कोयता हातातून गळायलाय : ऊसतोड करणाऱ्या एका बाईच्या नसांच्या आजाराचं प्रकरण

"म्याडम, कोयता हातातून गळायलाय."

२०२४ च्या गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात ती माझ्या दवाखान्यात बसून हे म्हणाली. मी केसपेपरवर लिहिलं : हातापायाला मुंग्या, अशक्तपणा, अंगदुखी. तो कागद आज पुन्हा काढून समोर ठेवला आहे. त्यात कोयता नाही. "चप्पल पायातून कधी निसटायली, कळंना" हे नाही. "तोंडावर पाणी मारलं की पडल्यागत व्हायलंय" हेही नाही. ही तिन्ही वाक्यं ती त्याच दिवशी बोलली होती, सोबत आलेल्या तिच्या लेकीला ती जशीच्या तशी आठवतात. त्या तीन वाक्यांत आजार जवळपास पूर्ण सांगून झाला होता. मला तो कळायला आणखी सहा आठवडे लागले, म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं.

तिच्या परवानगीनं लिहीत आहे. नाव देत नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी तिला ताई म्हणते, इथंही तसंच म्हणेन.

ताई बीड जिल्ह्यातल्या, बालाघाटच्या डोंगरातल्या. वय ४३, वजन ४८ किलो. घरची दोन एकर कोरडवाहू जमीन, सोयाबीन निघालं की दसऱ्यानंतर नवरा-बायको तोडीला जायचे, ते पाडव्याच्या आसपास परत. अशी बावीस वर्षं. मुलगी आजीजवळ गावात राहून शिकते. ताईंची गर्भपिशवी एकतिसाव्या वर्षी काढलेली. २०१९ साली आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या जाण्याचा प्रश्न राज्यभर गाजला. त्यानंतर चौकशा झाल्या, नियम आले. पण एक गोष्ट दवाखान्यांतून गेली नाही. अशी बाई कोणतंही दुखणं घेऊन आली की "पिशवी काढल्यामुळं होतंय, कॅल्शियम घ्या" हे उत्तर तयार असतं. ताईंना ते दोन ठिकाणी मिळालं होतं. मी तसं म्हटलं नाही, पण ऐकताना माझ्याही डोक्यात ते कुठंतरी होतंच.

आता हकीकत तिच्या क्रमानं सांगते.

संक्रांतीच्या सुमारास, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या फडात असताना, दोन्ही तळपायांना मुंग्या सुरू झाल्या. पायाखाली कापूस अंथरल्यागत वाटायचं. थंडीचे दिवस, पहाटे चारला फडात उतरायचं, पाचटावर दव, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. पंधरा दिवसांनी मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना गुडघ्यांत जोर राहीना. एकदा ती मोळीसकट खाली आली. मग मालकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, चढायचं काम स्वतःकडे घेतलं. ताई तोडायच्या आणि बांधायच्या. काही दिवसांनी कोयता मुठीतून सुटायला लागला. मग नुसतं बांधायचं काम उरलं, तर वाढ्याची, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याची, गाठ बसेना. फेब्रुवारीच्या शेवटी शौचाला बसल्यावर आपोआप उठता येईना. "ऊस धरून उठायचे मी," ती म्हणाली. जेवढे दिवस काम झालं नाही तेवढे मुकादमानं खाडे धरले.

याच काळात कोपीजवळच्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीजवळच्या, गावातून कुणीतरी वाताच्या पुड्या आणून दिल्या. दिवसाला दोन. चौथ्या-पाचव्या दिवशी बरं वाटायला लागलं, आठवड्यानं ती पुन्हा फळीवर चढली. पुड्या पंधरा दिवसांत संपल्या आणि पुढच्या दहा दिवसांत आधीपेक्षा वाईट झालं. पुड्यांचं तिनं मला पहिल्या भेटीत सांगितलं नाही, कारण डॉक्टर रागावतात. मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड कुटून घातलेलं असतं, हे ग्रामीण भागात काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला माहीत आहे. तिच्या पुड्यांत नेमकं काय होतं ते तपासायला एकही पुडी उरली नव्हती. पण हातापायाची ताकद पुडीनं परत येते आणि पुडी संपली की जाते, ही खूण लहान नव्हती. संधिवातात दुखणं कमी होईल. नुसत्या अशक्तपणात किंवा मणक्याच्या झिजेत गेलेली ताकद अशी परत येत नाही.

पहिल्या भेटीत मी साखर पाहिली, १०४. हिमोग्लोबिन ९.८. बी-१२ तपासायला पाठवलं आणि ते खरंच कमी आलं, १६०. तिथं माझा विचार थांबला. आमच्याकडे भाकरी, चहा, ठेचा आणि एखादी भाजी यावर दिवस काढणाऱ्या बायकांमध्ये बी-१२ कमी सापडणं नेहमीचं. म्हणून ते कमी सापडलं की मुंग्यांचं कारण सापडलं असं वाटतं. इंजेक्शनं सुरू केली. ती द्यायलाच हवी होती, चूक पुढची. बी-१२ कमी असणं आणि या बाईचा कोयता गळणं या दोन गोष्टी एकच आहेत का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

तीन आठवड्यांत फरक पडला नाही तेव्हा घरच्यांनी तिला शहरात नेलं. तिथं कमरेचा एमआरआय झाला. "मणक्यात गॅप आहे, नस दबली आहे, ऑपरेशन करावं लागेल," असं सांगितलं गेलं. खर्चाचा आकडा ऐकून मालक एक एकर विकायच्या विचारात परत आले. एमआरआयच्या अहवालात चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी थोडी सरकलेली होती, हे खरं. बावीस वर्षं डोक्यावरून मोळ्या वाहिलेल्या माणसाच्या कमरेच्या एमआरआयमध्ये गादी जागेवर निघाली असती तरच मला नवल वाटलं असतं. पण कमरेची नस दबली तर हातातला कोयता गळत नाही. हे वाक्य मला मे महिन्याच्या शेवटी सुचलं. ते सुचायला कारण लेक झाली.

ती नववीत होती. आईला घेऊन आली आणि मला म्हणाली, "म्याडम, आई कशी उठती ते बघा एकदा." ताई जमिनीवर बसल्या. उठताना आधी ओणव्या झाल्या, दोन्ही हात जमिनीला टेकवले, मग एक हात गुडघ्यावर, मग दुसरा, आणि स्वतःच्याच मांड्यांवर चढल्यासारख्या वर आल्या. दवाखान्यात खुर्ची असल्यामुळे हे मला कधी दिसलंच नव्हतं.

ड्रॉवरमधून रिफ्लेक्स हॅमर काढला, ठोकल्यावर हातपाय आपोआप झटका देतात का ते पाहायचा. खोटं बोलत नाही, तो कित्येक महिने वापरला नव्हता. गुडघ्याच्या वाटीखाली ठोकलं, पाय हलला नाही. दुसरा, नाही. घोटे, कोपर, मनगट, कुठंच काही नाही. तिला मुठी घट्ट आवळून एकमेकींत ओढायला लावल्या आणि पुन्हा ठोकलं, तरी नाही. कंपन पावणारा ट्यूनिंग फोर्क घोट्याच्या हाडावर ठेवला, तिला तो नुसता गार लागला, थरथर कळली नाही. मग पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. दोन सेकंदांत ती कलली, लेकीनं धरलं.

तोंड धुताना पडल्यासारखं का होतं, याचं उत्तर इथं होतं. आपले पाय कुठं आहेत, जमीन सपाट आहे की उतार, हे पायातल्या नसा मेंदूला सतत कळवत असतात. त्यांचं कळवणं थांबलं की माणूस डोळ्यांच्या आधारानं तोल सांभाळतो. तोंडावर पाणी मारताना डोळे मिटतात आणि तो आधारही जातो. रात्री लाइट गेल्यावर तेच. चप्पल निसटलेली कळत नाही याचंही मूळ तेच, शिवाय पायाचा पंजा वर उचलणारा स्नायू दमलेला. तिनं दीड महिन्यापूर्वी सांगितलेल्या प्रत्येक वाक्याला तपासणीत एकेक जागा होती.

शेवटी तिनं हळू आवाजात विचारलं, "म्याडम, महारोग तर नाही ना?"

हा प्रश्न तिच्या मनात फेब्रुवारीपासून होता. कुष्ठरोग आमच्या भागात अजून भेटतो, आणि हातापायाची बधिरता घेऊन आलेल्या माणसाला तो नाही ना हे पाहणं माझं कर्तव्य आहे. अंगावर कुठं बधिर चट्टा नव्हता. कोपरामागची नस जाड किंवा दुखरी लागली नाही. शिवाय कुष्ठरोग त्वचेजवळच्या बारीक नसा आधी धरतो. त्यात बधिरता पुष्कळ असूनही गुडघ्या-घोट्याचे झटके बहुधा शाबूत राहतात. हिच्या बाबतीत उलट होतं. मी तिला स्पष्ट "नाही" म्हटलं. ती रडली. आजाराचं नाव अजून कळलेलं नव्हतं, तरी तिचं अर्धं ओझं त्या क्षणी उतरलं असावं.

मग राहिलं काय? दोन्ही बाजूंना सारखा अशक्तपणा, खांदे-मांड्यांतही आणि पंजे-बोटांतही. झटके सगळीकडून गेलेले. मधुमेह नाही, दारू नाही. कीटकनाशकाच्या फवारणीनंतरही नसा जातात, पण तिनं पावसाळ्यानंतर पंप हातात धरला नव्हता. आणि मुख्य म्हणजे काळ. हातापायाची ताकद अशीच जाणारा, लोकांना नावानं माहीत असलेला आजार म्हणजे जीबीएस, गियाँ-बारे. तो झपाट्यानं चढतो आणि चार आठवड्यांच्या आत त्याचा कळस होतो. ताईंचं चार महिने चाललेलं होतं. आठ आठवड्यांच्या पुढेही वाढत राहिलेला असा अशक्तपणा दिसला की एका वेगळ्या नावाचा विचार करायचा असतो : क्रॉनिक इन्फ्लमेटरी डिमायलिनेटिंग पॉलिरॅडिक्युलोन्युरोपॅथी. सगळे सीआयडीपी म्हणतात. १९७५ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या पीटर डाइक आणि सहकाऱ्यांनी ५३ रुग्णांच्या नोंदी मांडून त्याला वेगळी ओळख दिली. दुर्मीळ आजार, लाखात काही मोजके. माझ्या सव्वीस वर्षांच्या दवाखान्यात हा पहिला. की मी ओळखलेला पहिला, हे आता सांगता येत नाही, आणि ते मला टोचतं.

मज्जातंतूतज्ज्ञांकडे फोन करून पाठवलं. तिथं नसांमधून वीज सोडून तिचा वेग मोजणारी तपासणी झाली. हाताच्या नसेचा वेग सेकंदाला ५० मीटर किंवा जास्त असायला हवा, तिचा २६ निघाला. एका टप्प्यावर तर सिग्नल मध्येच अडत होता. पायाच्या एका नसेतून काहीच उत्तर आलं नाही. पाठीतून काढलेल्या पाण्यात प्रोटीन १४८, ते साधारण ४५ च्या आत असतं, पण पेशी फक्त ३. प्रोटीन भरपूर आणि पेशी जवळजवळ नाहीत, ही जोडी या आजारात सापडते. एचआयव्ही, कावीळ, थायरॉइड, रक्तातलं असाधारण प्रोटीन, या तपासण्यांत काही निघालं नाही. नाव पक्कं झालं.

मालकांना समजावताना मी विहिरीवरच्या मोटारीचं उदाहरण दिलं. मोटार चांगली, स्टार्टर चांगला, पण केबलीवरचं आवरण जागोजागी उंदरानं कुरतडलेलं. मग वीज पोचते पण अडखळत पोचते, कधी मध्येच गळते. शरीराचं रक्षण करणारी व्यवस्थाच भलतीकडे वळून नसांवरचं आवरण कुरतडते, असा हा आजार आहे. मालकांनी लगेच विचारलं, "मग आवरण परत बसतं का?" बसतं, आतली तार तुटायच्या आधी कुरतडणं थांबलं तर. त्यांनी मान डोलावली आणि एमआरआयची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. जमीन विकायचा विषय तिथं संपला.

उपचारांचे तीन मुख्य रस्ते आहेत : स्टिरॉइड, शिरेतून दिलं जाणारं इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं), आणि रक्तातला द्रव बदलणं. इम्युनोग्लोब्युलिन वजनाच्या हिशोबानं देतात, किलोला २ ग्रॅम. ४८ किलोला ९६ ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या वीसेक बाटल्या. खर्च लाखांत, आणि बऱ्याच रुग्णांना ते काही आठवड्यांनी पुन्हा पुन्हा लागतं. त्याच जून २०२४ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी एफगार्टिजिमोड नावाच्या नव्या औषधाला मंजुरी मिळाली. बातमी वाचून आनंद झाला, पण आमच्या टेबलावर स्टिरॉइडची गोळी होती. ती स्वस्त आहे, जुनी आहे, आणि या आजारात चालते. छातीचा एक्स-रे काढून क्षयरोग नाही याची खात्री केली, जंताचं औषध दिलं, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू केलं, आणि दिवसाला ५० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू झालं.

चार आठवडे काही नाही. मी तिला आधीच सांगितलं होतं की गोळी पुडीसारखी चौथ्या दिवशी नाचवणार नाही, तरी धीर सुटत होता. पाचव्या आठवड्यात ती म्हणाली, "रातच्याला कूस बदलता आली." मला कागदावर ताकदीचे आकडे लिहायची सवय. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिचं वाक्य तसंच्या तसं लिहिलं. पोळ्यापर्यंत ती हात न टेकता उठत होती. तिसऱ्या महिन्यात उपाशीपोटी साखर १४८ झाली, चेहरा सुजला, भूक वाढली. साखरेची गोळी सुरू करावी लागली. स्टिरॉइडचं हे मोल असतं. ते द्यावं लागणार हे आधी बोललेलं असलं की माणूस गोळी सोडून देत नाही, असं मी समजत होते.

ऑक्टोबरमध्ये गोळी २० मिलिग्रॅमवर आणली होती. नोव्हेंबरच्या तारखेला ताई आल्या नाहीत.

त्या तोडीला गेल्या होत्या. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पूर्ण कोयत्याची घेतलेली, म्हणजे जोडीची. एकट्या पुरुषाला अर्धा कोयता धरतात आणि उचलही अर्धी. मागची फेडायची राहिली होती, लेक दहावीला होती. ताई तोडणार नव्हत्या, नुसता स्वयंपाक करणार आणि जमेल तेवढं बांधणार, असं घरात ठरलं. मला सांगितलं नाही, कारण मी नाही म्हटलं असतं. गोळ्या महिनाभराच्या होत्या, तिथल्या दुकानात मागायला भीती वाटली, म्हणून एक दिवसाआड घेऊन त्या पुरवल्या. डिसेंबरच्या शेवटी चप्पल पुन्हा निसटायला लागली. ती गप्प राहिली. जानेवारीत फळीजवळ पडली तेव्हा मालकांनी तिला घरी आणून सोडलं.

मी चिडले नाही असं नाही. पण रात्री बसून हिशोब केला. गोळ्या लिहून देताना, कमी करताना, मी साखर विचारली, वजन विचारलं. उचल घेतली का, हे विचारलं नव्हतं. आमच्या जिल्ह्यात दसऱ्याच्या आधी हा प्रश्न रक्तदाबाइतकाच महत्त्वाचा आहे. आता मी विचारते, सगळ्यांनाच, आणि जाणाऱ्यांना पाच महिन्यांच्या गोळ्या, चिठ्ठी आणि "ही गोळी एकदम बंद करू नये" असं मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद देते.

ताई गावात परतल्या त्याच आठवड्यात पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडे जीबीएसचे रुग्ण सापडल्याच्या बातम्या सुरू झाल्या. २०२५ चा जानेवारी. रुग्ण दोनशेच्या वर गेले. दूषित पाण्यातून पोटात जाणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या जिवाणूशी त्याचा संबंध लागला. बातम्यांत नांदेड गाव असं नाव यायचं. ते पुण्याजवळचं नांदेड, पण इकडे मोबाइलवर "नांदेडला साथ" एवढंच फिरलं आणि मराठवाड्यात घबराट झाली. ताईंच्या शेजारच्या बायकांनी त्यांच्या घरचं पाणी घ्यायचं बंद केलं. हळदीकुंकवाला बोलावलं नाही. मी त्या गल्लीत जाऊन ओट्यावर बसले आणि सांगितलं : ताईंचा आजार वेगळा आहे, दोन्ही आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाहीत. जीबीएस हा आधी झालेल्या एखाद्या जंतुसंसर्गानंतर त्याच माणसाच्या शरीरात घडतो, म्हणून पाणी उकळून प्या, पण हिच्या हातचा चहा प्या. एका म्हातारीनं चहा मागितला. मग बाकीच्यांनीही घेतला.

स्टिरॉइड पुन्हा ४० वर नेलं, सोबत अ‍ॅझाथायोप्रिन ही शरीराची बिथरलेली रक्षणव्यवस्था आवरणारी गोळी सुरू झाली, म्हणजे पुढे स्टिरॉइड कमी करता यावं. सीआयडीपीमध्ये या दुसऱ्या गोळीचा पुरावा फार भक्कम नाही, तज्ज्ञांनी ते मोकळेपणानं सांगितलं. तरी परवडणाऱ्या गोष्टींत ती होती. तिच्यासाठी रक्तपेशी आणि यकृताची तपासणी वेळोवेळी करावी लागते.

खरा बदल मात्र लेकीनं केला. आई लक्षणं लपवते हे तिला कळलं होतं. लपवायचं कारण तिची स्वतःची दहावी होती, हेही कळलं होतं. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत रोज रात्री आईची कामं लिहायला सुरुवात केली. हात न टेकता उठली की नाही. किती भाकऱ्या थापल्यावर हात दमले. ब्लाउजचे हूक स्वतः लावले का. चप्पल निसटली का, कोणत्या पायातली. फेब्रुवारीचं पान फाडून तिनं मला आणून दिलं तेव्हा मी ते मज्जातंतूतज्ज्ञांना फोटो काढून पाठवलं. त्यांनी डोस त्या पानावरून ठरवला. महिन्यातून एकदा दहा मिनिटं तपासून मला जे कळायचं त्याच्या कितीतरी पट त्या चौकोनांत होतं. भाकऱ्यांचा आकडा तर विलक्षण बोलका निघाला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तीन, मार्चच्या शेवटी नऊ. थापताना मनगट, बोटं, दंड, खांदा सगळे लागतात, आणि ज्वारीचं पीठ दमलेल्या हाताला माफ करत नाही.

आजारासोबत राहणं म्हणजे काय, हे मला तिच्या घरात जास्त कळलं. चुलीजवळ तिची तर्जनी दोनदा भाजली, तिला वास आल्यावर कळलं. आता तवा फडक्यानंच धरायचा, आणि पाणी गरम आहे का हे बोटांनी न पाहता कोपरानं पाहायचं. तळपायात बाभळीचा काटा चार दिवस राहून पिकला. तेव्हापासून रात्री झोपताना पाय उलटून बघणं, दिसत नसेल तर लेकीनं बघणं. न्हाणीत बसायला स्टूल, भिंतीला धरायला पाइप. उशाला बॅटरी, कारण अंधारात पाय तिला काही सांगत नाहीत. तोंड धुताना एक हात भिंतीला. आणि थकवा. पाहणाऱ्याला तो दिसत नाही. दुपारी एकनंतर ती जी बसते ती उठू शकत नाही, आणि सासूला वाटायचं गोळ्यांनी आळशी झाली. सासूला मी एकदा सांगितलं, मालकांनी दोनदा, पण पटलं ते कॅलेंडरवरून : सकाळी धुणं धुतलेल्या दिवशी संध्याकाळच्या भाकऱ्या निम्म्या.

चप्पलेचा प्रश्न सगळ्यांत अवघड निघाला. बधिर पायांसाठी मऊ रबराची, एमसीआरची चप्पल सगळ्यांत चांगली. पण ती आमच्याकडे कुष्ठरुग्णांना मिळते, आणि लोक ती ओळखतात. ताईंनी हातात घेऊन परत दिली. "ही घालून मी गावातून चालू शकत नाही म्याडम." मी आग्रह केला नाही. बाजारातला मागं पट्टा असलेला सॅंडल घेतला, आत एमसीआरचा तुकडा कापून चिकटवून दिला. उजवा पंजा जास्त पडत होता, त्याला घोट्याची आधारपट्टी. साडीखाली ती दिसत नाही. तिच्यासाठी हे महत्त्वाचं होतं, म्हणून माझ्यासाठीही.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी दोन खेपा झाल्या. आजार कमीजास्त होतो, ज्या दिवशी बोलावलं त्या दिवशी ती बरी चालत होती. दुसऱ्या खेपेला लेकीनं कॅलेंडरची पानं आणि नसांच्या तपासणीचा अहवाल सोबत नेला. दाखला ठराविक मुदतीचा मिळाला, ४० टक्क्यांच्या वर. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच, दाखल्यावर त्याहून जास्त सवलत मिळते, आणि तपासणीला दर महिन्याला शहरात जाणाऱ्या माणसाला त्या फरकाची किंमत कळते.

२०२५ च्या दसऱ्यानंतर मालक एकटे तोडीला गेले, अर्धा कोयता म्हणून. ताईंनी तीन शेळ्या घेतल्या आहेत. लेक अकरावीला आहे, तालुक्याला येते, जाताना दवाखान्यात डोकावते. घोट्याचे झटके अजून आलेले नाहीत, बहुधा येणारही नाहीत. गुडघ्याचा उजवा किंचित येतो. भाकऱ्या चौदा-पंधरा.

नोव्हेंबरच्या भेटीत स्टिरॉइड ५ मिलिग्रॅमवर आलेलं होतं आणि ते पूर्ण थांबवायचा विचार होता. ताईंनी पिशवीतून पान काढलं. १९ तारखेच्या चौकोनात लेकीच्या अक्षरात लिहिलं होतं : उजवी चप्पल, एकदा, शेळ्यांमागं जाताना.

"मी म्हणलं नको लिहू, दगडावर पाय पडला आसंल," ताई म्हणाल्या. "तर तिनं लिवलंच."

मी हॅमर घेतला, तपासलं. मागच्या वेळेपेक्षा वेगळं काही सापडलं नाही. तरी गोळी थांबवली नाही, ५ वरच ठेवली. तज्ज्ञांना फोटो पाठवला आणि पुढची तारीख महिन्याऐवजी पंधरा दिवसांची दिली.